तिखट मिस्त्रीच्या हाताची रात्रपाळी

तिखट मिस्त्री स्वभावाने तिखट असता तर त्याचं बरंच भलं झालं असतं. गिऱ्हाइकांनी त्याला दारात तिष्ठत ठेवलं नसतं, बायकोने ऐन जेवणावरून उठवून दुधाला पिटाळलं नसतं, आणि सासूबाईंनी ‘जावईबापू’ म्हणताना त्यातल्या ‘बापू’वर इतका जोर दिला नसता. पण माणूस गुळाची ढेप. तिखट होते ते फक्त त्याचे कान.

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दुकान कसलं, एक शटर, एक टेबल, तेलाची बुधली आणि बॉबिनींनी भरलेले बिस्किटांचे डबे. दुसरे मिस्त्री मशीन आलं की आधी उघडतात. हा आधी डोळे मिटतो. “फिरवा चाक,” म्हणतो आणि शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तशी मान तिरपी करून ऐकतो. “शटल घासतंय.” “दात्यांत दोरा अडकलाय.” एकदा एका बाईने फोनवरूनच मशीन चालवून ऐकवलं, तर हा म्हणाला, “सुई उलटी बसवलीत.” बाई भडकली. वीस वर्षं शिवतेय, मला सुई शिकवता? सुई उलटीच होती. बाई अजून भडकलेली आहे.

आता एवढ्या कानांच्या माणसाची कधी फजिती झालीच नसती, तर त्याच्याबद्दल सांगण्यात काय राम? शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई होती. तिचं मशीन टाके सोडायचं. दहा टाके नीट, अकरावा गायब. मिस्त्री तिच्या घरी पोचला की मशीन गोगलगाय. मिस्त्री दुकानात परतला की फोन, “अहो, सोडला परत टाका!” अशा तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली, की हा एवढा जातो तो मशीनचीच चौकशी करायला जातो ना? शेवटी त्या बाईची म्हातारी सासू खाटेवरून ओरडली, “मेल्या, तो हात काढ की मशीनवरून!”

ऐकताना डावा तळवा मशीनच्या डोक्यावर ठेवायची त्याची सवय. आत एक स्क्रू सैल होता, तो तळव्याच्या वजनाने बरोबर जागी बसायचा. म्हणजे मिस्त्री आहे तोवर बिघाड नाही, आणि मिस्त्री गेला की बिघाड हजर. ज्यांच्या हाताखाली तो हे काम शिकला ते उस्ताद पूर्वीच सांगून गेले होते, “बिघाड लाजाळू असतो रे. बघायचा असेल तर हात मागे.” म्हातारीचा ‘मेल्या’ खाल्ल्यावर ते डोक्यात शिरलं. तेव्हापासून तो मशीन ऐकताना दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहतो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. ही सवय ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

तर या मिस्त्रीची मुलगी पाच वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणतात, आणि एकदा पाहिलं की का म्हणतात हे विचारावं लागत नाही. खुर्चीवर बसली तरी पाय खुर्चीवर नसतात. पण अंगावर मूठभर मांस नाही, डोळ्यांखाली काळं, आणि रात्री घोरणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आत एखादा पेन्शनर झोपलाय. घामाने उशी ओली व्हायची. शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली होती: गोष्ट सांगताना झोपते, खेळताना चावते.

“घोरते म्हणजे गाढ झोपते,” असा निकाल सासूबाईंनी दिला होता. त्या धाकट्या बाळाच्या बाळंतपणाला आल्या होत्या आणि बाळ पाच महिन्यांचं होऊन पालथं पडायला लागलं तरी त्यांची बॅग काही सरळ झाली नव्हती. “आमच्या घराण्यात सगळे घोरतात, जावईबापू. कुणी डॉक्टरची पायरी चढलं नाही.”

मिस्त्रीने ते मानलंही असतं. पण एका दुपारी भिंगरी दुकानातच कापडाच्या गठ्ठ्यावर झोपली. मिस्त्रीचे दोन्ही हात कोपरापर्यंत एका मशीनच्या पोटात, तेलाने माखलेले. मागे तिचं घोरणं लयीत चाललं होतं. आणि मध्येच थांबलं. त्याला आधी वाटलं, जागी झाली. मग वाटलं, नाही. मग त्याच्या कानांनी त्याला सांगितलं की टाका सुटलाय. हात बाहेर ओढून तो पोचेपर्यंत तिने मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास ओढला आणि गाडी पुन्हा सुरू. त्या दिवसापासून मिस्त्री कुठलंही मशीन ऐकताना एक कान पोरीकडे ठेवायला लागला.

डॉक्टरांनी घसा पाहिला. टॉन्सिल दोन्हीकडून एकमेकांना टेकलेल्या, नाकामागेही मांस वाढलेलं. “काढावं लागेल असं वाटतंय,” ते म्हणाले. “पण मुलगी फार हलकी आहे. भूल उगाच देणार नाही मी. झोपेत श्वास खरंच थांबतो का, किती वेळा, किती वेळ, हे दिसलं पाहिजे. घरी मोबाईलवर चित्रण करा बरं.”

बायकोने तीन रात्री चित्रण केलं. तिन्हींत घोरणं भरपूर, थांबणं एकदाही नाही. डॉक्टर ते पाहून “हं” म्हणाले. त्या ‘हं’मध्ये मिस्त्रीच्या कानांना बरंच ऐकू आलं.

“दुपारी थांबला होता हो श्वास,” तो म्हणाला. “मी ऐकलाय.”

“तुम्ही ऐकलात. मशीनला ऐकू द्या,” डॉक्टर म्हणाले आणि झोपेची तपासणी लिहून दिली. एक पूर्ण रात्र हॉस्पिटलात, अंगाला तारा लावून. नंबर लागला तीन महिन्यांनी. तपासणीत दिसलं तर ऑपरेशन. नाही दिसलं, तर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा पाहायचं. म्हणजे अजून सहा महिने एक कान तिकडेच.

तपासणीच्या सूचनांचा कागद मिस्त्रीने फ्रीजवर चिकटवला होता. त्यात पहिलीच ओळ होती, ‘दुपारी झोपू देऊ नये’. सासूबाईंनी नेमकं तपासणीच्याच दिवशी दुपारी भिंगरीला अंगाई म्हणून दोन तास झोपवलं.

“अहो आई, कागद वाचला नाहीत का?”

“वाचला की. पण रात्रभर जागरण आहे पोरीला, म्हटलं थोडी झोपू दे.”

“जागरण नाही, झोपायलाच चाललीय ती!”

“मग बरंच आहे. सवय होईल.”

यावर तोंड उघडण्यात अर्थ नव्हता. बाळ अंगावर पीत असल्यामुळे बायकोला घर सोडता येईना, म्हणून बापच निघाला. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या हाताला भिंगरी, काखेत तिची उशी. दारातून बायको म्हणाली, “पोचलात की फोन करा. झोपली की फोन करा. आणि मध्ये उठली तर...”

“करतो.”

“आणि तुम्ही झोपू नका हो! तुम्ही झोपलात की धोंडा.”

खोली तशी साधी होती. एक पलंग, त्याला चिकटून नातेवाइकासाठी घडीची खाट, भिंतीवर फुग्यांचं चित्र, कोपऱ्यात छताला कॅमेरा. भिंगरीने पहिल्या पाच मिनिटांत पलंगाचं बटण शोधून काढलं आणि डोकं वर, पाय वर, डोकं वर, पाय वर, असा पलंगाचा पाळणा केला. मिस्त्रीला एसीचं बेअरिंग गेल्याचं ऐकू आलं. बाहेरच्या ट्रॉलीचं मागचं डावं चाक कोरडं होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. तो बसला, उठला, पिशवी उघडली, बंद केली. कोण कुणाला झोपवायला आलं होतं, देवच जाणे.

मग एक जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई तारांचा जुडगा घेऊन आली. “मला इथे सगळे घुबडताई म्हणतात,” तिने भिंगरीला सांगितलं. “मी रात्रभर जागते आणि पलीकडच्या खोलीतून बघते.”

“तुम्हाला मान पूर्ण फिरवता येते?” भिंगरीने विचारलं.

“येते. पण ड्युटीवर परवानगी नाही.”

तिथे भिंगरी जिंकली गेली. डोक्यावर मलम लावून तारा चिकटल्या, छातीला एक पट्टा, पोटाला एक, नाकाखाली बारीक नळी, बोटाला लाल दिवा. भिंगरीने ते बोट गालात घालून गाल लाल करून दाखवला. मग पायाला, मग अंगठ्याला. मग बाथरूमला जायचं निघालं. सगळा जुडगा उचलून घुबडताई तिच्यामागे, वरातीत मागून दिवा धरतात तशी. मग पाणी. मग पुन्हा बाथरूम. दहा वाजले, साडेदहा झाले. दुपारची अंगाई आत्ता व्याजासकट वसूल होत होती.

“बाबा, तू झोप ना,” ती म्हणाली. “तू झोपलास की मी झोपते.”

“मी नाही झोपणार.”

“मग मी पण नाही.”

झालं! मिस्त्रीने नुसतं नाटक म्हणून खाटेवर अंग टाकलं, डोळे मिटले आणि तोंडाने झोपल्यासारखा आवाज काढला. बायको त्याला ओळखून होती. पाच मिनिटांत नाटक संपून खरा प्रयोग सुरू झाला.

खांद्याला कुणीतरी हलवलं. साडेबारा वाजून गेले होते. घुबडताई ओठांवर बोट ठेवून उभी. “दादा, जरा बाहेर या.”

तो धडपडत उठला. “काय झालं? थांबला का श्वास?”

“नाही थांबला. तेच तर दाखवायचंय. या.”

पलीकडच्या खोलीत पडद्यावर बारीक रेघा पळत होत्या आणि वर कोपऱ्यात कॅमेऱ्याचं करडं चित्र. ताईने ते मागे नेलं. पलंगावर भिंगरी. शेजारी खाटेवर एक माणूस, तोंड उघडं, एक पाय खाली लोंबतोय, अगदी धोंडा. “ही श्वासाची रेघ. बघा, इथे बारीक व्हायला लागली,” ताई म्हणाली. रेघ बारीक झाली, आणि त्याच क्षणी त्या धोंड्याचा डावा हात उठला. बाकीचं अंग जागेवर. हात एकटाच पलंगावर गेला, मुलीच्या खांद्यावर दोन थापट्या मारल्या, तिला जरा कुशीवर ढकललं आणि परत येऊन पडला. रेघ पुन्हा जाड.

“हा कोण?” मिस्त्रीने विचारलं.

“तुम्ही.”

“पण मी तर झोपलोय.”

“तुम्ही झोपलात, तुमच्या हाताची रात्रपाळी चालू आहे. आतापर्यंत एकतीस वेळा.” ती पुढे नेत गेली. हात उठला, हात उठला, पुन्हा हात उठला. “चौदा वर्षं हे काम करतेय मी. उठून बसणाऱ्या आया बघितल्या, रडणारे बाप बघितले. झोपेत पहारा देणारा हात आजच बघितला. पोरीचा श्वास अडायच्या आधी तुम्हाला ऐकू येतं का हो?”

आधी मिस्त्रीला, खोटं कशाला सांगा, थोडं बरंच वाटलं. कुठल्या बापाला वाटणार नाही? मग मोबाईलवरची तीन चित्रणं आठवली. तिन्ही वेळा तो शेजारीच झोपलेला होता. बायकोने कॅमेरा फक्त पोरीच्या तोंडावर धरला होता. मग डॉक्टरांचं ‘हं’ आठवलं. मग खाटेवरची ती म्हातारी आठवली. मेल्या, तो हात काढ की!

“म्हणजे कागदावर काहीच नाही उमटलेलं?”

“असं सकाळपर्यंत चाललं तर मुलगी ठणठणीत आहे असं उमटेल.” ताईचा आवाज मऊ झाला. “दादा, हात काढावा लागेल. सहा वाजेपर्यंत. घाबरू नका, रक्तातला ऑक्सिजन मला इथे दिसतोय. फार खाली गेला तर मी धावत येईन, तुमच्या आधी पोचेन. पण मी येत नाही तोवर तुम्ही हलायचं नाही. जमेल? नाहीतर बाहेर बाकावर बसा.”

“उठली आणि मी दिसलो नाही तर घर डोक्यावर घेईल,” तो म्हणाला. “खुर्ची द्या मला.”

खाट घडी करून भिंतीला लागली. खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी, दोन हातांवर. मिस्त्री बसला, हात पाठीमागे नेले, खुर्चीच्या पाठीमागून उजव्या हाताने डाव्याचं मनगट धरलं. चोराला पोलीसच हवा म्हणतात, इथे पोलीसही तोच आणि चोरही तोच.

पहिली दहा मिनिटं नुसतं घोरणं. मग ते बारीक झालं. मग काही नाही.

छाती आणि पोट हलत होती, पण उलटसुलट, एक वर तर दुसरं खाली, चाक फिरतंय आणि सुई जागेवर तसं. तोंड उघडं, मान ताणलेली. एसी किरकिरत होता. मिस्त्रीने मोजायला सुरुवात केली. पाच. सात. डावा हात उजव्याच्या मुठीत मासळीसारखा उसळला. नऊ. त्याला आता समजलं की हा हात त्याचं ऐकत नाही, कधीच ऐकत नसे. अकरा. तो अर्धा उठला.

“दादा,” छतातल्या स्पीकरमधून घुबडताईचा आवाज आला. तेवढाच. तो बसला.

चौदाला भिंगरीने दचकून श्वास ओढला, कूस बदलली, लय सुरू.  आणि घोरणं सुरू झालं म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला इतका आनंद झाला असेल.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. बायको. घ्यायचा कसा? हात सोडला तर तो खिशात जाईल की पलंगावर, याची मालकालाच खात्री नव्हती. फोन थरथरून थकला. पुन्हा थरथरला. त्या रात्री मांडीला सतरा वेळा गुदगुल्या झाल्या आणि एकदाही हसू आलं नाही.

दीड वाजता एक थांबा झाला, तो बारा मोजेपर्यंत. मग दर तीनेक मिनिटांनी एक. त्याने डोळे मिटून पाहिले, तर ऐकू जास्त आलं. डोळे उघडले, तर मान ताणलेली दिसली. पाय हलवले, खुर्ची करकरली, पाय थांबवले. फुगे मोजले, तेवीस होते. सासूबाईंवर मनातल्या मनात चिडून पाहिलं, त्यात मात्र दहा मिनिटं बरी गेली.

चार वाजता मोठा थांबा आला. दहा, बारा, पंधरा. छताकडे पाहिलं, आवाज नाही. अठरा. तो उठला. हात मागेच होते. तसाच, कमरेत वाकून, पलंगापाशी गेला. वीस. त्याचं तोंड तिच्या तोंडाजवळ, आणि त्याच्या लक्षात आलं की श्वास त्यानेही धरलाय. बोटाचा लाल दिवा शांत जळत होता. बाहेर कॉरिडॉरमध्ये चपला वाजल्या, धावत. बावीस. भिंगरीने घर्रकन श्वास ओढला, त्याच्या नाकावर कपाळ आपटलं आणि झोपेतच पलटली. दारात घुबडताई, हात कडीवर. 

“सोडा आता ते मनगट,” ती हळूच म्हणाली. “काळंनिळं झालंय. हवं तेवढं मिळालं मला.”

“सोडलं की जाईल तो.”

“जाऊ दे.”

सकाळी तारा निघाल्या, केसांत मलमाचे गोळे राहिले. घुबडताई निकाल सांगणार नव्हती, तिला तशी परवानगीच नव्हती. पण कागद गोळा करता करता भिंतीकडे बघून म्हणाली, “काही लोकांना परत यावं लागतं. तुम्हाला नाही लागणार.” भिंगरीने तिला मान फिरवून दाखवायला सांगितलं. ड्युटी संपली होती, पण तिने जांभईवर भागवलं.

बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर भिंगरी म्हणाली, “बाबा, रात्री तू मला थोपटलं नाहीस.”

मिस्त्री दचकला. “तुला कळलं?”

“मग? तू रोज थोपटतोस. रात्री नव्हतास तू.”

“होतो गं. खुर्चीतच होतो.”

“मग का नाही थोपटलंस?”

मशीन, स्क्रू, गणवेशवाली बाई, उस्ताद, सगळं तोंडापर्यंत आलं. पण ते सांगेपर्यंत ती मांडीवर झोपूनसुद्धा गेली होती. दुसऱ्या थांब्याजवळ श्वास बारीक झाला. मिस्त्रीने सवयीने वर पाहिलं. बसच्या छतात कॅमेरा नव्हता. निळं मनगट आपल्या कामावर रुजू झालं.

घरी दारातच बायको. “सतरा फोन केले! सतरा!” तिने मनगट पाहिलं, मग सगळं ऐकलं, आणि आश्चर्य तर सोडाच, वैतागलीच. “हे तुम्हाला आत्ता कळलं? दोन वर्षं सांगतेय, तुम्ही रात्री थापट्या मारता म्हणून. बाळ पोटात असताना मी घोरायचे तर मलासुद्धा मारल्यात!”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“त्यांनी पोरीचं विचारलं होतं. तुमचं कुठे विचारलं?”

आठवड्याने डॉक्टरांनी कागद पाहिला. यावेळी ‘हं’ म्हणाले नाहीत. “रात्रीच्या पहिल्या भागात जवळजवळ काहीच नाही,” ते म्हणाले, “आणि मध्यरात्रीनंतर तासाला एकोणीस. असं पाहिलं नव्हतं कधी.” मग घुबडताईने खाली लिहिलेली टीप वाचली आणि चष्म्यावरून मिस्त्रीच्या डाव्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पुढच्या पंधरवड्याची तारीख मिळाली.

ऑपरेशन नीट झालं. भिंगरीने चार दिवस थंड खाल्लं, पाचव्या दिवशी सोफ्यावरून उडी मारली. महिन्याभरात ती इतकी चिडीचूप झोपायला लागली की मिस्त्रीची झोप उडाली. ऐकायला काहीच नाही! रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरायचा, श्वास लागला की परत आडवा. हात बिचारा बेकार झाला, उशीवर पडून राहायचा.

अशाच एका रात्री त्याला बाहेरच्या खोलीतून लय ऐकू आली. सासूबाई. त्यांचं घोरणं घराण्याला शोभेलसं होतं. एक, दोन, एक, दोन. आणि मग काही नाही. मिस्त्री उठून बसला. सात. दहा. तेरा. मग बाहेर फर्रकन श्वास आला, कॉट वाजली, लय सुरू.

त्याने बायकोला हलवलं. “अगं, ऐक. तुझ्या आईचा टाका सुटतोय.”

“झोपा हो.”

“खरंच सांगतो. घुबडताईकडे नंबर लावायला हवा. सांग ना त्यांना सकाळी.”

“मी? तुम्ही सांगा. जावई तुम्ही, कान तुमचे.”

मिस्त्रीने सासूबाईंना हे सांगतानाचा प्रसंग डोळ्यांपुढे आणून पाहिला. मग मुकाट्याने कुशीवर वळला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. सकाळी मात्र त्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, तसाच, हात मागे बांधून.

“काय हो जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “माझं काय बिघडलंय?”